अहिंसेची तालीम : रेव्हरंड जेम्स लॉसन



वसंत ऋतूतील ह्या व्याख्यानांमध्ये थोर पुरुषांचे गुणगान करण्याची प्रथा जुनी आहे आणि ती चांगलीही आहे. परंतु गुणगानासाठी आपण बहुधा ज्यांच्या तसबिरी भिंतीवर आहेत अशांचीच निवड करतो. आज ज्या वृद्ध पुरुषाचे स्मरण करण्याचे आम्ही योजिले आहे, त्याची तसबीर आपल्या गावात कोणाच्या घरी असेल असे वाटत नाही. रेव्हरंड जेम्स मॉरिस लॉसन हे त्यांचे नाव. अमेरिकेतील लॉस एंजलिस शहरी ९ जून २०२४ रोजी ते वयाच्या ९५ व्या वर्षी वारले. वर्णद्वेषाविरुद्धच्या झगड्यात त्यांनी जवळजवळ सत्तर वर्षे घालविली, आणि त्या आयुष्यातील तीन वर्षे आपल्या नागपुरात गेली. एवढ्यावरूनच त्यांच्याविषयी आपणांस कुतूहल वाटावे. पण आम्ही त्यांची निवड केली ती वेगळ्या कारणासाठी.

अहिंसा ह्या शब्दाचे आपण काय करून ठेवले आहे ते पाहा. २ ऑक्टोबरला भाषणातून येणारा, पाठ्यपुस्तकातल्या धड्यात बसणारा आणि उरलेले वर्षभर कोणाच्या आड न येणारा असा तो शब्द झाला आहे. कोणी मारले असता निमूटपणे बसणारा मनुष्य भित्रा की संत, एवढाच वाद आपण त्यावर घालतो. लॉसन यांनी हा वाद घातला नाही. त्यांच्या लेखी अहिंसा ही शिकण्याची आणि शिकविण्याची विद्या होती. आपल्या भाषेत 'तालीम' हा शब्द मोठा गमतीचा आहे. पहिलवान जेथे घाम गाळतात ती तालीम, आणि नाटक रंगभूमीवर येण्यापूर्वी नट जी करतात तीही तालीम. ह्या दोन्ही अर्थांनी लॉसन हे तालीममास्तर होते.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १९२८ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील युनियनटाउन येथे झाला, आणि बालपण ओहायो राज्यातील मॅसिलन ह्या गावी गेले. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. आई जमैका बेटावरून आलेली. वडील येशूचा उपदेश करीत खरे, पण दक्षिणेत फिरताना स्वसंरक्षणासाठी जवळ पिस्तूलही बाळगीत, आणि त्या काळी दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय माणसाला ते का बाळगावेसे वाटे हे सांगावयास नको. आईचे मत निराळे होते. लहानगा जेम्स एकदा आईने सांगितलेल्या कामासाठी बाहेर पडला असता, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या मोटारीतून एका गोऱ्या पोराने त्याला वर्णावरून शिवी दिली. जेम्सने जाऊन त्या पोराच्या श्रीमुखात भडकावली आणि घरी येऊन हा पराक्रम आईला सांगितला. आई स्वयंपाकात होती. तिने मागे वळूनही न पाहता, ह्याने कोणाचे काय भले झाले, असे विचारले, आणि ह्याहून चांगला मार्ग असलाच पाहिजे असे ती म्हणाली. हा प्रसंग लॉसन म्हातारपणीही सांगत. चांगला मार्ग आहे, एवढे आईने सांगितले. तो कोणता हे शोधण्याचे काम मुलाकडे राहिले.

आता नागपूरकरांचा थोडा हिरमोड होईल असे एक विधान आम्हांला करावे लागणार आहे. लॉसन हिंदुस्थानात आले आणि येथे गांधीवादी झाले, असे आपणांस म्हणावयास आवडेल. परंतु ते खरे नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रे गांधीजींच्या चळवळींच्या बातम्या आपुलकीने छापीत असत. १९३६ साली हॉवर्ड थर्मन हे कृष्णवर्णीय धर्मशास्त्रज्ञ बारडोलीस गांधीजींना भेटून गेले होते, आणि अहिंसेचा निर्भेळ संदेश कदाचित तुमच्याच लोकांकडून जगाला मिळेल, अशा आशयाचे उद्गार गांधीजींनी त्या वेळी काढले होते. लॉसन बाल्डविन-वॉलेस कॉलेजात शिकत असतानाच युद्धविरोधी शांततावाद्यांच्या संघटनेत सामील झाले होते आणि गांधीजींचे विचार त्यांनी वाचले होते. इतकेच नव्हे, तर त्यांची किंमतही ते मोजून चुकले होते. कोरियाच्या युद्धाच्या वेळी सक्तीच्या लष्करभरतीत नाव घालण्यास त्यांनी नकार दिला. धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला त्यातून सूट मिळत असे, पण सूट मागणे म्हणजे त्या कायद्याचा अधिकार मान्य करणे, असे त्यांचे मत. १९५१ साली त्यांना तीन वर्षांची सजा झाली आणि त्यांपैकी तेरा महिने त्यांनी तुरुंगात काढले. म्हणजे १९५३ साली मेथडिस्ट मिशनतर्फे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात जो तरुण दाखल झाला, तो सत्याग्रहाची एक परीक्षा देऊनच आला होता.

हिस्लॉप कॉलेज स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८८३ साली स्थापिलेले. तेथे लॉसन अध्यापन करीत आणि मुलांना खेळांचे शिक्षण देत. नागपूर तेव्हा जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होते. गांधीजींना जाऊन पाच वर्षे झाली होती. परंतु सेवाग्राम जवळच होते आणि गांधीजींबरोबर काम केलेली माणसे हयात होती. अशांना लॉसन भेटले, त्यांच्याकडून त्यांनी ऐकले, विचारले. आम्हांला वाटते, त्यांना येथे जे मिळाले ते तत्त्वज्ञान नसून तपशील होता. मोर्चा निघण्यापूर्वी स्वयंसेवकांना काय सांगत? लाठी पडली की रांग कशी सांभाळीत? तुरुंगात गेलेल्यांच्या घरच्यांचे काय करीत? चळवळ करणाऱ्याला असलेच प्रश्न पडतात, आणि त्यांची उत्तरे मोठ्या ग्रंथांतून क्वचितच मिळतात.

आणखी एक गोष्ट नागपूरच्या संदर्भात सांगावयास हवी, नाहीतर चित्र गोड आणि खोटे होईल. ज्या देशाकडून वर्णभेदाशी लढण्याची विद्या घ्यावयास हा तरुण आला, त्या देशाच्या घरात काय चालले होते? लॉसन नागपुरात असतानाच, १९५५ साली, आपल्या संसदेला अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांसाठी कायदा करावा लागला. ते ज्या वर्षी मायदेशी परतले त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्याच नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हा 'आमच्या गांधींनी अमेरिकेला शिकविले' अशी प्रौढी मिरवताना जीभ थोडी आवरलेली बरी.

डिसेंबर १९५५ मधील एके दिवशी लॉसन यांनी 'नागपूर टाइम्स' उघडला, तर त्यात अमेरिकेतील मॉण्टगोमेरी शहराची बातमी होती. रोझा पार्क्स ह्या कृष्णवर्णीय बाईंनी बसमधील जागा गोऱ्या उतारूसाठी सोडण्यास नकार दिल्यामुळे त्यांना अटक झाली होती, आणि शहरातील कृष्णवर्णीय जनतेने बसगाड्यांवर बहिष्कार टाकला होता. पुढारी कोण, तर मार्टिन ल्यूथर किंग नावाचे सव्वीस वर्षांचे धर्मोपदेशक. बातमी वाचून लॉसन इतक्या मोठ्याने ओरडले आणि टाळ्या पिटू लागले, की शेजारचा सहकारी काय झाले म्हणून पाहावयास आला, असे ते पुढे सांगत. ज्याची वाट पाहावी ते आपल्या गैरहजेरीतच सुरू झालेले पाहून माणसाला काय वाटेल याची कल्पना आपण करू शकता.

१९५६ साली ते परतले आणि ओहायोतील ओबर्लिन येथे धर्मशास्त्राच्या अभ्यासास लागले. फेब्रुवारी १९५७ मध्ये किंग तेथे व्याख्यानास आले आणि दोघांची गाठ पडली. दोघे समवयस्क, किंग चार महिन्यांनी लहान. पदवी घेऊन मग दक्षिणेत काम करावयास येईन, असे लॉसन म्हणाले. थांबू नका, आताच या, तुमच्यासारखा अनुभव असलेला माणूस आमच्याकडे नाही, असा किंग यांचा आग्रह पडला. १९५८ च्या प्रारंभी लॉसन टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरी आले आणि तेथील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विद्यालयात त्यांनी नाव घातले.

ह्या नॅशव्हिल शहरापाशी आम्ही थोडे अधिक थांबणार आहोत, कारण लॉसन यांचे खरे काम येथे दिसते.

तेथल्या भेदाची रीत अशी होती. शहराच्या मध्यभागी मोठमोठी दुकाने. त्यांत काळ्या गिऱ्हाइकाने कापड घ्यावे, भांडी घ्यावी, पैसे मोजावे. त्याला कोणाची हरकत नसे. पण त्याच दुकानातील खाण्याच्या काउंटरवर बसून एक सँडविच किंवा कपभर कॉफी मागितली, की ती मिळत नसे. लॉसन यांनी कोणत्या प्रश्नाला हात घालावा हे स्वतः ठरविले नाही. त्यांनी लोकांना विचारले, आणि त्यांत विशेषेकरून बायकांनी उत्तर दिले. मुलाबाळांना घेऊन खरेदीला जावे, मुले दमून जावीत, भुकेली व्हावीत, आणि त्यांना टेकावयास जागा नाही की स्वच्छतागृहात नेण्याची सोय नाही. मूल विचारते, आई, आपण तेथे का नाही बसत? ह्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे हे कोणत्याही आईला सांगता येत नव्हते. पुरुष पुढाऱ्यांनी कदाचित मतदानाचा किंवा नोकऱ्यांचा प्रश्न धरला असता. बायकांनी खुर्चीचा धरला, आणि तो बरोबर होता.

क्लार्क मेमोरियल मेथडिस्ट चर्चच्या तळघरात संध्याकाळी वर्ग भरत. फिस्क विद्यापीठ, टेनेसी राज्य विद्यापीठ, अमेरिकन बॅप्टिस्ट धर्मविद्यालय अशा ठिकाणची मुलेमुली येत. डायान नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफाएट, जेम्स बेव्हेल, मॅरियन बॅरी ही पुढे गाजलेली नावे त्या वेळी कोणाला ठाऊकही नव्हती. वर्गात आधी विचार होई: येशू काय म्हणतो, गांधी काय करीत, दुसऱ्या देशांतल्या लोकांनी काय केले. मग खुर्च्या ओळीने मांडल्या जात आणि तालीम सुरू होई. काही मुले काउंटरवर बसलेल्यांची भूमिका करीत, तर काही गोऱ्या गुंडांची. गुंड झालेल्यांनी शिव्या द्यावयाच्या, त्याही खऱ्याखुऱ्या. धक्के मारावयाचे, खुर्चीवरून ओढून पाडावयाचे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडावयाचा. बसलेल्यांनी हात उचलावयाचा नाही. डोके कसे झाकावे, मित्राला फार मार बसू लागला तर आपले अंग त्याच्यावर घालून मार कसा वाटून घ्यावा, मारणाऱ्याच्या डोळ्याला डोळा कसा द्यावा, हे पुनःपुन्हा घोटून घेतले जाई. मग भूमिका बदलत. ज्याने मार खाल्ला त्याने मारावयाचे. ह्यात एक खोल हेतू होता: मारणाऱ्याच्या जागी उभे राहिल्याखेरीज त्याची भीती आणि त्याचा राग कळत नाही. ज्याला ही तालीम झेपत नसे, राग आवरत नसे, त्याला अपमान न करता दुसरे काम दिले जाई. निरोप पोचविणारे, मोटारी चालविणारे, हिशेब ठेवणारे हेही चळवळीला हवेच असतात.

ही शिकवण नुसती खोलीतली नव्हती. लॉसन यांच्या तोंडावर एकदा एक गोरा तरुण थुंकला. लॉसन यांनी त्याच्याकडेच हातरुमाल मागितला. तो इतका गोंधळला, की त्याने खिशातून काढून दिला! लॉसन यांनी तोंड पुसले, रुमाल परत केला, आणि त्याच्या अंगावरचे चामड्याचे जाकीट पाहून, तुझ्याकडे फटफटी आहे काय, अशी चौकशी केली. होती. मग दोघांचे फटफटीविषयी बोलणे सुरू झाले. हे ऐकून कोणी हसेल, आणि हसण्यासारखे ते आहेही. पण हे सुचण्यासाठी मनाची किती मेहनत झालेली असली पाहिजे, हे ज्याला एखाद्या किरकोळ अपमानानंतर रात्रभर झोप आली नाही त्याने सांगावे.

नोव्हेंबर आणि डिसेंबर १९५९ मध्ये ह्या मुलांनी दोन दुकानांत जाऊन नुसती चाचणी घेतली. बसले, नकार मिळाला, का म्हणून विचारले, आणि परत आले. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबोरो शहरी चार विद्यार्थ्यांनी आपण होऊन बैठा सत्याग्रह केला, तेव्हा नॅशव्हिलची फौज तयारच होती. १३ फेब्रुवारीस, बर्फ पडत असताना, एकशेचोवीस विद्यार्थी उत्तम कपडे घालून, हातात पुस्तके घेऊन, तीन दुकानांत शिरले आणि काउंटरवर बसले. कोणी वाढले नाही. ते अभ्यास करीत बसून राहिले. असे पुन्हा, पुन्हा. २७ फेब्रुवारीस गुंडांनी हल्ला केला. मुलांना ओढले, मारले, अंगावर जळत्या सिगारेटी विझवल्या. पोलीस आले आणि त्यांनी अटक केली ती मार खाणाऱ्यांना, सुमारे ऐंशी जणांना. एक तुकडी पकडून नेली, की दुसरी येऊन त्याच खुर्च्यांवर बसे. न्यायाधीशाने दंड ठोठावला, तेव्हा मुलांनी दंड न भरता तुरुंग पत्करला.

व्हँडरबिल्ट विद्यापीठाने मार्च १९६० च्या आरंभी लॉसन यांचे नाव काढून टाकले. पदवीला अवघे काही महिने राहिले होते. धर्मशास्त्र शिकविणाऱ्या संस्थेने धर्म आचरणाऱ्या विद्यार्थ्याला घालवावे, यातली विसंगती तेथल्या प्राध्यापकांनाही सहन झाली नाही; विद्यालयाच्या प्रमुखांसह अनेकांनी राजीनामे दिले. लॉसन यांनी पदवी बॉस्टनला जाऊन घेतली.

इकडे ईस्टरची खरेदी जवळ आली होती. आपल्याकडे दिवाळीला तशी तिकडे ईस्टरला नवी वस्त्रे घेण्याची चाल आहे. कृष्णवर्णीय कुटुंबांनी मध्यवर्ती दुकानांतून खरेदीच बंद केली. बायकांनी जुन्याच टोप्या आणि जुनेच झगे घालून सण साजरा केला. व्यापाऱ्यांच्या ध्यानात सिद्धांतापेक्षा गल्ला लवकर येतो. ह्यात खाली मान घालण्यासारखे काही आहे असे आम्हांला वाटत नाही. काउंटरवरची मुले गोऱ्या शहराच्या मनाशी बोलत होती आणि त्यांच्या आया त्याच्या खिशाशी बोलत होत्या. दोन्ही एकाच मसलतीचे भाग होते.

१९ एप्रिल १९६० रोजी पहाटे, ह्या विद्यार्थ्यांचे खटले चालविणारे वकील लूबी यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. लूबी पतिपत्नी थोडक्यात बचावली. त्याच दिवशी तीन हजारांच्या आसपास लोक, घोषणा न देता, तीन-तीनच्या रांगांनी चालत नगरभवनावर गेले. तेथे पायऱ्यांवर मेयर बेन वेस्ट उभे होते. एकवीस वर्षांच्या डायान नॅशने त्यांना सरळ विचारले, की केवळ वर्णावरून माणसामाणसांत भेद करणे चूक आहे असे आपणांस वाटते काय? मेयर राजकारणी खरे, पण माणूस होते. चूक आहे, असे त्यांनी कबूल केले, आणि काउंटर सर्वांना खुले व्हावेत हेही मान्य केले. १० मे रोजी सहा दुकानांतील काउंटर खुले झाले.

हे वर्णन वाचताना आमच्या मनात मिठाचा सत्याग्रह आला नाही. महाडचे चवदार तळे आले. महाडला पाणी होते, नॅशव्हिलला कॉफी. पण मागणे घोटभर पाण्याचे नव्हते आणि कपभर कॉफीचेही नव्हते. चवदार तळ्याचे पाणी प्यालो नाही तर आम्ही मरणार आहोत असे नाही, इतरांसारखी आम्हीही माणसे आहोत हे सिद्ध करावयाचे आहे, अशा अर्थाचे बाबासाहेब डिसेंबर १९२७ च्या महाडच्या परिषदेत बोलले होते. लॉसन यांच्या तोंडी आठ वर्षांनी मेम्फिस शहरात जवळजवळ हेच शब्द आले. त्यांनी बाबासाहेबांचे भाषण वाचले होते असे सुचविण्याचा आमचा हेतू नाही. जखम एकाच जातीची असली, की कण्हणेही सारखेच उमटते.

मेम्फिसची हकीकत सांगण्यापूर्वी मधली काही वर्षे झपाट्याने ओलांडतो. एप्रिल १९६० मध्ये रॅले येथे एला बेकर ह्या जाणत्या बाईंनी विद्यार्थ्यांचे संमेलन भरविले, त्यातून विद्यार्थ्यांची अहिंसक समन्वय समिती निघाली, आणि तिच्या उद्दिष्टांचे निवेदन लॉसन यांनी लिहिले. त्याच सुमारास कोर्टकचेरीवर भिस्त ठेवणाऱ्या जुन्या संस्थेवर त्यांनी कडक टीका केली आणि वडीलधारे पुढारी दुखावले गेले. येथे लॉसन यांचे थोडे चुकले असे आमचे मत आहे. १९५४ साली शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरला तो त्या वकिलांच्याच वर्षानुवर्षांच्या खटपटीने, आणि नॅशव्हिलच्या मुलांना सोडवावयास वकील लूबीच लागले. १९६१ साली बसमधून दक्षिणेत जाणाऱ्या 'स्वातंत्र्ययात्रीं'बरोबर लॉसन मिसिसिपीत पकडले गेले. १९६२ पासून ते मेम्फिसच्या सेंटेनरी मेथडिस्ट चर्चचे धर्मोपदेशक झाले.

मेम्फिसमध्ये कचरा उचलणारे कामगार जवळजवळ सर्व कृष्णवर्णीय. गळकी पिंपे डोक्याखांद्यावरून वाहावयाची, घाण अंगावर ओघळावयाची, आणि पगार इतका तुटपुंजा, की पूर्णवेळ काम करूनही अनेकांना सरकारी मदत घ्यावी लागे. १ फेब्रुवारी १९६८ रोजी पाऊस पडत असताना एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार कचरागाडीच्या मागील भागात आडोशाला उभे राहिले. कचरा दाबणारे यंत्र अचानक चालू झाले आणि दोघे चिरडले गेले. १२ फेब्रुवारीला सुमारे तेराशे कामगारांनी काम थांबविले. मेयर हेन्री लोब यांनी संप बेकायदा ठरवून बोलणेच नाकारले.

लॉसन हे संपाला पाठिंबा देणाऱ्या समितीच्या डावपेचांचे प्रमुख झाले. वर्णद्वेषाचे मूळ काय, तर माणूस हा माणूस नाही असे मानणे, असे त्यांनी कामगारांपुढे सांगितले. त्यानंतर संपवाल्यांच्या गळ्यात फलक दिसू लागले. त्यावर पगाराचा आकडा नव्हता. 'मी माणूस आहे' एवढेच लिहिले होते. श्रोतेहो, ह्या तीन शब्दांचा अर्थ महाराष्ट्रात तरी भाषांतर करून सांगावा लागू नये. हाताने मैला उचलविण्यास बंदी करणारा कायदा आपण १९९३ साली केला, आणि वीस वर्षांनी, २०१३ साली, पुन्हा नवा करावा लागला.

लॉसन यांनी किंग यांना मेम्फिसला बोलाविले. २८ मार्चला किंग ज्या मोर्चाच्या अग्रभागी होते त्यात मागच्या बाजूला दुकानांच्या काचा फुटू लागल्या. लॉसन यांनी मोर्चा परत फिरविला. पण पोलिसांचा मार सुरू झाला होता आणि लॅरी पेन नावाचा सोळा वर्षांचा मुलगा गोळीने मेला. नॅशव्हिलच्या तळघरातील तालीम ह्या हजारोंच्या गर्दीला मिळालेली नव्हती, आणि शिस्त ही आयत्या वेळी वाटता येणारी वस्तू नव्हे. अहिंसा फसली, असा गिल्ला वर्तमानपत्रांनी केला. तो पुसून काढण्यासाठी दुसरा, शिस्तीचा मोर्चा काढावयाचा म्हणून किंग पुन्हा आले. ३ एप्रिलच्या रात्रीच्या त्यांच्या अखेरच्या भाषणात त्यांनी लॉसन यांचा नाव घेऊन गौरव केला. दुसऱ्या दिवशी लोरेन मोटेलच्या गच्चीत त्यांना गोळी घातली गेली. १६ एप्रिलला शहराने कामगारांची संघटना मान्य केली आणि पगारवाढ दिली.

किंग यांना बोलाविणारे आपण, हा विचार लॉसन यांच्या मनाला किती जाळीत असेल! तरीही, किंग यांच्या खुनाबद्दल शिक्षा झालेल्या जेम्स अर्ल रे याला ते तुरुंगात जाऊन भेटत राहिले, आणि १९७८ साली तुरुंगातच त्याचे लग्नही त्यांनी लावून दिले. रे हा खरा मारेकरी नव्हे असे लॉसन यांना वाटे, ह्यामुळे हे औदार्य सोपे झाले असे कोणी म्हणेल. त्यांच्या ह्या मताशी सहमत होण्याची आम्हांला गरज वाटत नाही. परंतु जगाने ज्याला मारेकरी ठरविले आहे आणि ज्याच्याकडे कोणी फिरकत नाही, अशा माणसाच्या कोठडीत जाऊन बसणे हे त्यांच्या उभ्या आयुष्याशी सुसंगतच होते.

१९७४ साली ते लॉस एंजलिसला गेले आणि १९९९ साली निवृत्त होईपर्यंत होलमन मेथडिस्ट चर्चचे धर्मोपदेशक राहिले. मोठ्या चळवळी ओसरल्या, की पुढारी बहुधा आठवणी लिहू लागतात. लॉसन यांनी पुन्हा खुर्च्या मांडल्या. ह्या वेळी त्यांवर हॉटेलांत खोल्या झाडणाऱ्या बाया होत्या, कचेऱ्यांच्या फरशा पुसणारे होते, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले, कागदपत्रे नसलेले कामगार होते. लॉसन यांच्या वर्णाचे त्यांत थोडेच. काळ्यांसाठी झगडलेल्या माणसाने परक्या भाषेच्या स्थलांतरितांची कड का घ्यावी, असे विचारणारे त्यांच्या समाजातही होते. मेम्फिसचा कचरागाडीवाला आणि लॉस एंजलिसची मोलकरीण ह्यांत त्यांना फरक दिसत नव्हता. २००३ साली स्थलांतरित कामगारांनी १९६१ च्या बसयात्रेचा कित्ता गिरवून देशभर बसयात्रा काढली, तीतही त्यांचा हात होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस येथील कामगार केंद्रात नव्वदी गाठेपर्यंत ते अहिंसेचा वर्ग घेत होते. त्या केंद्राच्या इमारतीला २०२१ साली त्यांचे नाव देण्यात आले.

व्हँडरबिल्ट विद्यापीठालाही उशिराने जाग आली. ज्याला १९६० साली घालविले, त्याचा २००५ साली गौरवशाली माजी विद्यार्थी म्हणून सत्कार केला, आणि पुढल्या वर्षी त्याला शिकवावयास बोलाविले. लॉसन गेले. आम्हांला प्रथम ह्याचे नवल वाटले. एखाद्या मानी माणसाने निमंत्रण परत केले असते. लॉसन यांनी तेथे तीन वर्षे मुलांना शिकविले, आणि आपले सारे कागदपत्रही त्याच विद्यापीठाला दिले. म्हणजे त्यांना का काढले ह्याचा अभ्यास ज्या विद्यार्थ्याला करावयाचा असेल, त्याला तो आता त्याच आवारात बसून करता येतो.

३० जुलै २०२० रोजी त्यांचे तळघरातले शिष्य जॉन लुईस यांचा अंत्यविधी झाला. लुईस तोवर अमेरिकेच्या संसदेत तेहेतीस वर्षे बसलेले होते. शिष्याच्या शवपेटीसमोर एक्क्याण्णव वर्षांचे गुरू बोलावयास उभे राहिले. जगाने आमच्या चळवळीला नागरी हक्कांची चळवळ असे नाव दिले आहे, पण लुईस तिला अमेरिकेची अहिंसक चळवळ म्हणत, हे त्यांनी तेथे आवर्जून सांगितले. नावात काय आहे, असे आपण सहज म्हणतो. परंतु हक्क मिळाले की चळवळ संपते. वर्ग मात्र चालूच राहतो, आणि लॉसन यांचा वर्ग तोपर्यंत चालू होता.

२०२३ साली नॅशव्हिल शहराने एका नव्या माध्यमिक शाळेला त्यांचे नाव दिले. ज्या शहरात त्यांना कॉफी मिळत नव्हती तेथील मुले आता त्यांच्या नावाच्या शाळेत जातात. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात खेळाच्या मैदानावर शिट्टी वाजविणारा तो उंच, तरतरीत तरुण मास्तर पुढे कोण झाला, हे आपल्याकडील किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, हा प्रश्न येथे बसलेल्या शिक्षकमंडळींपुढे ठेवून आम्ही आपली रजा घेतो.